देव्हारे जाळणारे, पाणी मंतरणारे

१९१३ च्या जुलै महिन्यात लायबेरियातला पन्नाशी उलटलेला एक माणूस सरहद्द ओलांडून आयव्हरी कोस्टच्या फ्रेंच मुलखात अनवाणी शिरला. अंगात पांढरा झगा, डोक्याला पांढरे पागोटे, एका हातात उंच क्रूस, दुसऱ्यात भोपळ्याचा खुळखुळा. जवळ एक बायबल आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यासाठी कटोरा. सोबत गाणी म्हणणाऱ्या स्त्रिया. विल्यम वाडे हॅरिस हे त्याचे नाव. ग्रेबो जमातीत जन्मलेला, मिशनच्या शाळेत शिकलेला आणि पुढे तशाच शाळेत शिक्षक झालेला, तरुणपणी जहाजांवर राबलेला, काही काळ सरकारी दुभाष्या राहिलेला. १९०९ साली लायबेरियाच्या सरकारशी ग्रेबोंचे बिनसले असताना त्याने ब्रिटिश निशाण फडकवले आणि त्यापायी तुरुंगात गेला. तिथे १९१० मध्ये गॅब्रिएल देवदूताने दर्शन देऊन आपल्याला संदेष्टा नेमले, असे तो सांगू लागला. बूट आणि युरोपीय कपडे टाकून दे, ही देवदूताच्या पहिल्या आज्ञांपैकी एक होती.

गावात पोचला की हॅरिसची मागणी एकच असे. ताईत, गंडे, पूजेच्या मूर्ती, देव्हाऱ्यातले जे काही असेल ते बाहेर आणा आणि जाळा. राख गरम असतानाच बाप्तिस्मा. मिशनचे पाद्री उमेदवाराला महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, प्रश्नोत्तरे पाठ करायला लावत. हॅरिस डोक्यावर पाणी घाली, बायबल टेकवी आणि पुढच्या गावाची वाट धरी. त्यामागचा हिशेब त्याच्या श्रोत्यांना न सांगता कळत होता. ज्याने आपली जुनी राखण जाळून टाकली आहे, त्याला नव्या राखणीशिवाय एक रात्रही उघड्यावर ठेवून चालणार नाही. हुसकावलेले परत यायला टपलेलेच असतात. दीड वर्षात, आयव्हरी कोस्ट आणि शेजारच्या गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा, पश्चिम किनारा मिळून, त्याने लाखभर माणसांना बाप्तिस्मा दिला असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गोल्ड कोस्टमध्ये त्याला भेटलेल्या केसली हेफर्ड या नामांकित वकील-पुढाऱ्याने १९१५ मध्ये त्याच्यावर एक पुस्तिकाच लिहिली. फ्रेंचांना मात्र युद्धाच्या धामधुमीत इतकी गर्दी जमवणारा माणूस परवडणारा नव्हता. १९१४ संपता संपता त्याला धरले, मारझोड केली आणि सरहद्दीपलीकडे सोडून दिले. तो पुन्हा त्या मुलखात आला नाही.

पुढे काय झाले, ते अधिक चकित करणारे आहे. विल्यम प्लॅट नावाचा मेथडिस्ट मिशनरी १९२४ साली या किनाऱ्यावर आला. इथे सगळे नव्याने उभारावे लागेल असे धरून चाललेल्या या माणसाला गावागावांत प्रार्थनागृहे दिसली. तिथे लोक जमत होते, स्थानिक चालींवर भजने म्हणत होते आणि कोणालाही वाचता न येणारे बायबल मानाच्या जागी ठेवून वाट पाहत होते. पुस्तक समजावून सांगणारे गोरे लोक एक दिवस येतील, असे हॅरिस सांगून गेला होता. गोरे आले ते दहा वर्षांनी.

या पुस्तकाचा विषय हॅरिससारखी माणसे आणि त्यांच्यामागे उभी राहिलेली चर्चेस हा आहे. नायजर नदीच्या मुखापासून लायबेरियापर्यंत, विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, अशा संदेष्ट्यांची एक रांगच लागली. त्यांच्याविषयी लिहिताना दोन सोप्या वाटा नेहमी समोर येतात. जुन्या मिशनरी अहवालांची पहिली वाट म्हणते की वरून ख्रिस्ती झगा आणि आतून तोच जुना धर्म. दुसरी वाट अलीकडच्या गौरवपर लेखनाची आहे. तिच्या मते आफ्रिकेने परक्यांचा ख्रिस्त नाकारून स्वतःचा ख्रिस्त घडवला. पहिली संशयी आहे, दुसरी प्रेमळ. पण देव्हारे जाळणाऱ्या हॅरिसशी दोघींनाही फारसे देणेघेणे नाही. जुना धर्म झग्याखाली लपवून आणणारा माणूस त्याची होळी कशाला करील? आणि संस्कृतीचा अभिमान मिरवायचा असता, तर त्याने निदान कोरीवकामाचे चार नमुने तरी वाचवले असते. कलेचे इतिहासकार त्याच्यावर अजून रागावलेले आहेत, आणि त्यांचा राग रास्त आहे.

माझे म्हणणे वेगळे आहे, आणि पुढची प्रकरणे त्याच्याच आधाराने वाचावीत अशी विनंती आहे. मिशनऱ्याच्या लेखी त्या मूर्ती म्हणजे लाकडे होती. अज्ञान गेले की त्या आपोआप अडगळीत जातील. संदेष्ट्याच्या लेखी त्या लाकडांत कोणीतरी राहत होते. जुन्या दैवतांचे, चेटकिणींचे, पूर्वजांच्या कोपाचे सामर्थ्य त्याला पूर्ण मान्य होते, म्हणूनच तो त्यांच्याशी लढू शकला. मिशनऱ्याला लढायला समोर कोणी दिसतच नव्हते. जुन्या धर्मातून या चर्चेसमध्ये जे आले, त्यात झगे, खुळखुळे आणि पाणी यांचा वाटा लहान आहे. मोठा वाटा प्रश्नांचा आहे. मूल का दगावले? शेजाऱ्याच्या शेतात पीक आणि माझ्या शेतात कीड असे का? प्रवासाला निघू की नको? हे प्रश्न जुन्या धर्माने शिकवले होते आणि मिशनच्या चर्चने ते दवाखान्याकडे, नाहीतर परलोकाकडे ढकलून दिले होते. संदेष्ट्यांनी ते परत मंडळीसमोर घेतले.

एकोणिसाव्या शतकात मिशनची चर्चेस आफ्रिकी माणसांपासून किती दूर गेली, याची कहाणी सॅम्युएल अजायी क्राउथर यांच्यापाशी येऊन थांबते. योरुबा मुलखात गुलाम म्हणून पकडले गेलेले, ब्रिटिश गस्ती जहाजाने सोडवून फ्रीटाउनला उतरवलेले, १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झालेले हे विद्वान गृहस्थ. योरुबा बायबल प्रामुख्याने त्यांच्या कष्टांतून उभे राहिले. म्हातारपणी त्यांच्याच मिशनमधल्या तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांच्या सहकाऱ्यांवर गैरकारभाराचे आरोप ठेवून त्यांना बाजूला सारले. १८९१ च्या अखेरीस ते वारले, आणि त्यांच्या जागी गोरा बिशप आला. लागोसमध्ये याच सुमारास पहिली स्वतंत्र आफ्रिकी चर्चेस निघाली: १८८८ मध्ये नेटिव्ह बॅप्टिस्ट, १८९१ मध्ये युनायटेड नेटिव्ह आफ्रिकन. त्यांनी कारभार आपल्या हाती घेतला, दोन बायका असलेल्यांनाही दार उघडले. पण वेदीवरचा ग्रंथ, गाण्याच्या चाली आणि प्रवचनाचा सूर बहुतांशी इंग्लंडचाच राहिला. खुर्चीवरचा माणूस बदलला. आजारी मुलाला घेऊन बाई आली, तर तिला सांगायला तिथेही नवे काही नव्हते.

नायजरच्या त्रिभुज प्रदेशात बकाना गावच्या गॅरिक ब्रेड या अँग्लिकन भक्ताने १९१५ च्या आसपास ते सांगायला सुरुवात केली. प्रार्थनेने पाऊस पाडणारा, रोगी बरे करणारा अशी त्याची कीर्ती झाली. अनुयायी त्याला दुसरा एलिया म्हणू लागले. त्यानेही ताईत जाळायला लावले. शिवाय दारू सोडायला लावली. ही दुसरी गोष्ट सरकारला झोंबली. दक्षिण नायजेरियाच्या तिजोरीत आयात दारूवरच्या जकातीचा भरणा फार मोठा असे, आणि ब्रेडच्या मुलखात जिनचा खप एकाएकी घसरला. १९१६ मध्ये त्याला अटक झाली आणि १९१८ मध्ये तो वारला. त्याच्या अनुयायांनी ख्राइस्ट आर्मी चर्च काढले. साम्राज्याने एका दारूबंदीवाल्याला तुरुंगात घातले, याची नोंद वसाहतींच्या नैतिक कार्याविषयी बोलणाऱ्यांनी घ्यायला हरकत नाही.

१९१८ हे वर्ष इथे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. जून महिन्यात मुंबईच्या गोदीत उतरलेली इन्फ्लुएंझाची साथ सप्टेंबरमध्ये जहाजांतूनच लागोसला पोचली. सरकारी डॉक्टर हतबल, औषध कोणाकडेच नाही, चर्चेसची दारे बंद. इजेबू-ओडे गावात सेंट सेव्हियर्स या अँग्लिकन चर्चमधले जोसेफ शदारे आणि काही मंडळी स्वतंत्रपणे प्रार्थनेला जमू लागली. सोफिया ओडुनलामी या तरुण शिक्षिकेला दृष्टांत झाला की पावसाचे पाणी प्या आणि प्रार्थना करा, साथ हटेल. औषध वर्ज्य करणारी ही छोटी मंडळी पुढे फिलाडेल्फियाच्या फेथ टॅबरनॅकल या अमेरिकी गटाच्या पत्रकांच्या नादी लागली, अर्भकांच्या बाप्तिस्म्यावरून तिचे अँग्लिकनांशी फाटले आणि १९२२ च्या सुमारास ती वेगळी झाली. योरुबा मुलखातल्या अलादुरा, म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांच्या, चळवळीचा हा एक उगम.

दुसरा उगम लागोसच्या रस्त्यावर आहे. १९२५ च्या जूनमध्ये कॅथॉलिकांची कॉर्पस क्रिस्टीची मिरवणूक पाहताना ख्रिस्तियाना अबिओडुन अकिनसोवोन या पौगंडावस्थेतल्या मुलीला देवदूत दिसला. ती शुद्ध हरपून पडली, दिवसचे दिवस तशीच राहिली. तिला शुद्धीवर आणायला इकारे गावाहून आलेल्या, पायाने अधू असलेल्या मोझेस ओरिमोलाडे या फिरत्या उपदेशकाला बोलावले गेले. त्यातून ‘केरुबिम अँड सेराफिम’ हा प्रार्थना-संघ निघाला. उपदेशक आणि मुलगी यांचे सूत फार काळ जुळले नाही. १९२९ पर्यंत संघाची दोन शकले झाली, आणि पुढे शकलांची शकले. अलादुरा चर्चेसचा इतिहास लिहिणाऱ्याला वंशावळी काढणाऱ्या भाटाची चिकाटी लागते. या पुस्तकात ती सगळी दिलेली नाही, आणि वाचकाने त्याबद्दल आभारच मानावेत.

तिसरा उगम मला सर्वांत आवडतो, कारण त्यात एक रोड-रोलर आहे. जोसेफ आयो बाबालोला हा तरुण सार्वजनिक बांधकाम खात्यात वाफेचा रोलर चालवत असे. १९२८ च्या ऑक्टोबरात इलेशा-आकुरे रस्त्यावर त्याचे यंत्र काही केल्या हलेना, आणि तेव्हाच त्याने आपल्या नावाने तीनदा मारलेली हाक ऐकली, अशी आख्यायिका त्याचे अनुयायी आजही सांगतात. नोकरी सोडून तो प्रार्थनेला लागला. १९३० च्या जुलैत इलेशातल्या ओके-ओये इथे त्याच्याभोवती जी गर्दी लोटली, तिला तोड नव्हती. लोक बाटल्या, घागरी, कळशा भरभरून पाणी आणत. बाबालोला त्यावर प्रार्थना करी. ते जीवनाचे पाणी म्हणून घरी जाई. शेजारी ताईतांचे ढीग पेटलेले असत. जागतिक मंदीत कोकोचे भाव कोसळले होते, डोक्यावर कराचा बोजा होता. असल्या वर्षी माणसे चमत्कारांकडे वळतात, हे समाजशास्त्रज्ञांचे निदान खरे आहे, पण पुरेसे नाही. कर आणि मंदी सगळ्याच मुलखांत होती. घागरी घेऊन माणसे सगळीकडे निघाली नाहीत. १९३२ मध्ये चेटकिणींविरुद्धच्या प्रचारावरून बाबालोलाला सहा महिन्यांची कैद झाली. सुटून आल्यावर तो १९५९ पर्यंत, मरेपर्यंत, हिंडत राहिला. त्याच्या मंडळीने ब्रिटनमधल्या अपोस्टोलिक चर्चशी आधी हातमिळवणी केली. मग तिकडून आलेले मिशनरी हिवतापावर क्विनाइन घेतात हे पाहून ती बिथरली, आणि ताटातूट होऊन १९४० च्या दशकाच्या आरंभी ख्राइस्ट अपोस्टोलिक चर्च हे नाव स्थिर झाले. त्याचे अध्यक्ष आयझॅक अकिन्येले १९५५ मध्ये इबादानचे राजे, ओलुबादान, झाले. त्यांचे भाऊ अँग्लिकन बिशप होते. सतत ‘अडाणी, खेडवळ’ म्हणून हिणवल्या गेलेल्या चळवळीच्या अध्यक्षपदी असा माणूस होता, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता प्रश्नांकडे परत येऊ. योरुबांच्या जुन्या व्यवस्थेत कौल लावायचे शास्त्र इफा. त्याचा जाणकार बाबालावो सोळा ताडबिया हाताळतो, पाटीवरच्या भुकटीत खुणा काढतो. त्यातून २५६ आकृत्यांपैकी एक निघते, आणि तिच्याशी जोडलेल्या पाठांतरातल्या कथांतून गिऱ्हाइकाच्या अडचणीचा उलगडा होतो. शेवटी कोणत्या दैवताला काय अर्पण करायचे ते तो सांगतो. अलादुरा चर्चमध्ये एखादी बाई त्याच अडचणीसाठी येते. संदेष्टा, किंवा बहुधा संदेष्टी, डोळे मिटून थरथरते, तिला दिसते ते सांगते, जवळचा कोणीतरी ते वहीत टिपून घेतो. मग उपाय: तीन दिवस उपास, रात्री बारा वाजता अमुक इतक्या मेणबत्त्या, वाहत्या पाण्यात स्नान, शत्रूचा जाच असेल तर पस्तिसावे स्तोत्र. ओगेरे गावच्या जोसाया ओसितेलू यांनी १९३० मध्ये चर्च ऑफ द लॉर्ड काढले. कोणते स्तोत्र कशावर चालते याची जंत्री त्यांनी करून ठेवली होती, आणि दृष्टांतात मिळालेली पवित्र नावेही.

हा साचा जुळतो, आणि एवढे पाहून पुष्कळ जण थांबतात. पण एका गोष्टीकडे पाहा. इफाच्या उत्तरात कोणीही असू शकते: एखादे दैवत, पूर्वज, तुमचे स्वतःचे जन्माआधी निवडलेले दैव. प्रत्येकाची मागणी वेगळी, प्रत्येकाशी तडजोड शक्य. अलादुराच्या उत्तरात मात्र एक बाजू देवाची आणि दुसरी सैतानाची, मध्ये कोणी नाही. ज्या दैवतांशी काल देवाणघेवाण चालत असे, ती आज शत्रुपक्षात उभी आहेत. जुन्या धर्मात असा सरसकट शत्रू नव्हताच. बोकड, कोंबडा यांची जागा उपासाने घेतली, म्हणजे अर्पण करायची वस्तू स्वतःच्या शरीरात आली. आणि उत्तर आता कुळाच्या, गावाच्या, दीक्षेच्या भिंती ओलांडून कोणालाही मिळू लागले. इजेबूचा, इबादानचा, परगावाहून बदली झालेला रेल्वे कारकून एका बाकावर बसू लागला. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जे. डी. वाय. पील यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात अलादुरांना त्यांच्याच तर्काने समजून घ्यायचा प्रयत्न केला. त्याआधी १९६२ मध्ये घानाचे सी. जी. बायेता यांनी आपल्या देशातल्या संदेष्ट्यांवर लिहिले. ते स्वतः प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक, त्यामुळे त्यांच्या लेखनात आपुलकी आणि नापसंती दोन्ही एका वाक्यात नांदतात. दोघांचाही मी ऋणी आहे.

पांढऱ्या झग्याविषयी मात्र सावध राहायला हवे. योरुबांचे ओबाताला हे दैवत शुभ्रवस्त्रप्रिय, म्हणून झगे पांढरे, असे ठामपणे लिहिलेले सापडते. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात स्वर्गातला समुदायही पांढऱ्या वस्त्रांतच उभा आहे. अनवाणी उपासनेचे मूळ कोणी दैवतांच्या राईत शोधतात. मंडळी जळत्या झुडपापुढे वहाणा काढणाऱ्या मोशेकडे बोट दाखवते. दोन्ही उगम एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी असू शकतात, आणि त्याला त्याची अडचण वाटत नाही. सेलेस्टियल चर्च ऑफ ख्राइस्टचे संस्थापक सॅम्युएल ओशोफा हे दाहोमेतल्या पोर्तो-नोव्होचे सुतार आणि लाकडाचे व्यापारी. २० मे १९४७ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ते लाकूड शोधायला जंगलात गेले होते आणि तिथेच त्यांना हाक आली. त्याच वर्षी सप्टेंबरात चर्च स्थापन झाले, आणि कोळ्यांच्या होड्यांतून ते लागोसच्या मकोको वस्तीत पोचले. झगा चढवला की पायात काही घालायचे नाही, दारू-तंबाखू-डुकराचे मांस वर्ज्य, पाळी चालू असलेल्या स्त्रीने उपासनागृहात यायचे नाही. हे शेवटचे कलम जुन्या धर्मातून आले की मोशेच्या नियमशास्त्रातून, हा वाद घालता येईल. बाहेर थांबलेल्या बाईला त्याने फरक पडत नाही.

स्त्रियांविषयी लिहिताना माझा समतोल थोडा ढळतो, हे आधीच सांगतो. या चळवळींना स्त्रियांनी जन्म दिला आणि त्यांच्या देहातून दृष्टांत बोलले. हॅरिसची सोबतीण ग्रेस तानी हिने घानात जॉन नाकाबा यांच्या जोडीने जे उभारले, ते पुढे चर्च ऑफ द ट्वेल्व्ह अपॉसल्स झाले. त्यात खुळखुळा आणि रोग्यांना बरे करणारे पाणी ही दोन्ही हॅरिसची चिन्हे टिकून राहिली. अबिओडुनशिवाय सेराफिम नाहीत. तरी अनेक चर्चेसमध्ये वेदीवर चढण्याची, मंडळीचे प्रमुखपद घेण्याची वेळ आली की स्त्री मागे राहते. आणि चेटकीण कोण हे शोधायची वेळ आली, की बोट तिच्याकडेच वळते, विशेषतः ती म्हातारी, निपुत्रिक किंवा सवत असेल तर.

अबीजानजवळच्या खाडीकाठी ब्रेग्बो नावाचे एक गाव आहे. हॅरिसला मानणारे आल्बेर आचो यांनी तिथे १९४० च्या दशकाच्या शेवटापासून रोग्यांची वसाहत वसवली, आणि १९९० मध्ये वारले तोवर चालवली. रोगी येत, आणि बरे व्हायचे असेल तर आपली दुष्कृत्ये कबूल करीत. लेखनिक ती कबुली उतरवून घेई, मग ती सर्वांसमोर वाचली जाई. १९६०-७० च्या दशकांत फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञांचा आणि मनोवैज्ञानिकांचा एक गट तिथे जाऊन राहिला. त्यांना आढळलेली गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत खोल वाटते. गावाच्या जुन्या रीतीत आजारी माणूस विचारी: मला कोणी केले? ब्रेग्बोत त्याला विचारले जाई: तू कोणाला केलेस? माणसे सांगत की आपण झोपेत, आपल्या दुसऱ्या अदृश्य रूपात, भावाची नोकरी खाल्ली, पुतणीचे गर्भाशय बांधले. प्रत्यक्षात न घडलेल्या खुनांच्या याद्याच्या याद्या.

याचा अर्थ कसा लावायचा? एका बाजूने हे मोठे स्थित्यंतर आहे. दोष शेजाऱ्यावर ढकलण्याऐवजी माणूस स्वतःच्या आत पाहू लागला. हेवा, राग, नातलगांबद्दलचा आकस यांना शब्द मिळाले. शहरात पगारावर लागलेला आणि गावाकडच्या भाऊबंदांच्या मागण्यांनी पिचलेला तरुण पहिल्यांदा स्वतःशी बोलला. वसाहती मिशनऱ्यांना जे पापाचे वैयक्तिक भान रुजवता आले नाही, ते एका आफ्रिकी संदेष्ट्याने जुन्या चेटकाच्या भाषेतच रुजवले. दुसऱ्या बाजूने, ज्याने काहीच केले नाही त्याला खुनी ठरवून बरे करणे हा उपचार मला स्वस्थ बसू देत नाही. आयव्हरी कोस्टच्या शासकांना अर्थात ही व्यवस्था सोयीचीच होती. आपल्या दुःखाचे कारण आपणच आहोत असे मानणारा माणूस करवसुलीवाल्याकडे आणि मळेवाल्याकडे बोट दाखवत नाही. आचोंविषयीच्या प्रकरणात मी निकाल दिलेला नाही. देता आला नाही, असेच म्हणतो.

घानातल्या एका चर्चचा उल्लेख इथेच करून ठेवतो, कारण पुढे त्याला स्वतंत्र प्रकरण नाही. जोसेफ अप्पिया या मेथडिस्ट उपदेशकाला दृष्टांत आणि रोगनिवारण यांपायी मंडळीबाहेर पडावे लागले, आणि १९२२ मध्ये मुसामा डिस्को ख्रिस्टो चर्च जन्माला आले. अप्पिया राजे झाले, मोझानो ही त्यांची पवित्र नगरी झाली, अकान राजदरबाराचे मानपान चर्चमध्ये आले, सभासदांना स्वर्गीय नावे मिळाली. मुकुट आणि क्रूस इतक्या उघडपणे एका डोक्यावर बसल्याचे दुसरे उदाहरण या किनाऱ्यावर मला माहीत नाही.

संदेष्ट्यांची टिंगल त्यांच्या घरच्याच माणसांनी जितकी केली तितकी परक्यांनी केली नाही. वोले सोयिंका यांचे १९६० चे ‘द ट्रायल्स ऑफ ब्रदर जेरो’ हे नाटक लागोसच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका ठग संदेष्ट्यावर आहे. भक्ताला तो गिऱ्हाईकच समजतो आणि भक्ताची निकड जिवंत ठेवणे हाच त्याचा धंदा. प्रेक्षक हसले, पण किनाऱ्यावरची गर्दी हटली नाही. चर्च ऑफ द लॉर्डची शाखा १९६४ मध्ये लंडनला निघाली, आणि १९७५ मध्ये जागतिक चर्च परिषदेने या चर्चला सभासद करून घेतले. एकेकाळी ज्यांना ख्रिस्ती म्हणायला मिशनरी तयार नव्हते, ते आता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते.

नेमक्या याच काळात त्यांच्या पायाखालची वाळू सरकू लागली. नवी पेंटेकॉस्टल चर्चेस आली. त्यांचे उपदेशक सूट घालत, इंग्रजीत बोलत, ध्वनिवर्धक आणि पुढे टीव्ही वापरत. त्यांचा पहिला हल्ला झाला तो पांढऱ्या झग्यांवर. मेणबत्त्या, धूप, पाण्याच्या बाटल्या, थरथरत्या संदेष्ट्या हे सगळे सैतानी, असे त्यांनी जाहीर केले. हॅरिसने देव्हाऱ्यांविषयी जे म्हटले, तेच आता हॅरिसच्या वारसांविषयी म्हटले जाऊ लागले. गंमत अशी की यांतल्या सर्वांत मोठ्या चर्चेसपैकी एक, रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड, १९५२ मध्ये स्थापन केले ते जोसाया अकिंदायोमी यांनी, आणि ते आधी केरुबिम अँड सेराफिममध्ये होते. प्रश्न तर तसेच राहिले. मूल का होत नाही, व्हिसा का मिळत नाही, घराण्यावर कोणता शाप आहे. शापाचा शोध रात्रभराच्या सभेत घेतला जातो आणि त्याच्याशी लढाई अजूनही पूर्वजांच्या दैवतांविरुद्धच असते. गावातली राई कधीच तोडली गेली असली, तरी सभेत ती उभी राहते. तिची भीती घालणारे उपदेशक नसते तर शहरातल्या तिसऱ्या पिढीला त्या दैवतांची नावेही आठवली नसती, असे मला कधी कधी वाटते.

संदेष्ट्याकडे येणारी माणसे आता खंडाच्या दुसऱ्या टोकाहूनही येतात. १२ सप्टेंबर २०१४ रोजी लागोसमध्ये टी. बी. जोशुआ यांच्या चर्चचे अतिथिगृह कोसळून शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून आलेली होती. घानात ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या सभा म्हणजे येत्या वर्षाचे पंचांगवाचन असते: कोणता मंत्री मरणार, कोणता नट अपघातात सापडणार, निवडणूक कोण जिंकणार. शेवटी २७ डिसेंबर २०२१ रोजी घानाच्या पोलिसांनी निवेदन काढले. धर्माचे स्वातंत्र्य मान्य आहे, पण लोकांत घबराट पसरवणारी, सिद्ध न करता येणारी भाकिते सांगणे गुन्हा ठरू शकतो, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. फ्रेंचांना आणि इंग्रजांना जे काठीने आणि कोठडीने करावे लागले, ते स्वतंत्र देशाच्या पोलिसांनी परिपत्रकाने करून पाहिले.

संदेष्टे अर्थातच बोलले. त्यांच्यातल्या एकाने घानाचे नाव न घेता सगळी भाकिते ‘उमुओफिया’ नावाच्या मुलखाविषयी सांगितली. उमुओफिया म्हणजे चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीतले गाव, तेही नायजेरियातले. मिशनरी येतात आणि जुन्या दैवतांचा कारभार मोडतो तो तिथेच. सभेतल्या प्रत्येकाला कोणता मुलूख ते कळले. कादंबरीतल्या गावाविषयी घबराट पसरवल्याचा गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदवायचा, ते पोलिसांनी बघायचे.